गुलामी संपली, जमीन मिळाली नाही : अमेरिकेतील पश्चिमेकडच्या स्थलांतराची दुसरी बाजू

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असते. पण मुक्त झालेल्या त्या सुमारे ४० लाख माणसांचे पुढे काय झाले? यावर आपल्या अभ्यासवर्गांत फारसे बोलले जात नाही. 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाल्यावर सहाच वर्षांत त्यांच्यातील हजारो कुटुंबे गाठोडी बांधून पश्चिमेला निघाली. ती का निघाली हे समजून घ्यायचे तर आधी ही पश्चिमेची वाट कोणी आणि कशी पाडली ते पाहावे लागते.

शाळेच्या पुस्तकात 'मोकळी जमीन' असा शब्द येतो. जमीन मोकळी नव्हती. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा प्रचंड मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळनिवासींना कोणी विचारले नाही. १८३० मध्ये तर पूर्वेकडच्या मूळनिवासींना हटवण्याचा कायदाच झाला. त्याखाली १८३८ मध्ये चेरोकी लोकांना सैन्याने घरांतून काढून पश्चिमेला चालवत नेले. त्यात सुमारे ४ हजार माणसे दगावली.

गोरे वसाहतकार मात्र आपखुशीने निघाले. १८३७ च्या मंदीत अनेक शेतकरी कर्जात बुडाले होते. ओरेगॉनची जमीन सुपीक असल्याच्या बातम्या येत होत्या. छळ झालेला मॉर्मन पंथ १८४७ मध्ये युटाला जाऊन वसला आणि १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर तर रीघच लागली. मिसुरीतून ओरेगॉनपर्यंतची वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची होती, चार ते सहा महिन्यांची. बैलांना गवत मिळावे म्हणून एप्रिल-मेमध्ये निघायचे आणि बर्फ पडायच्या आत डोंगर ओलांडायचे. गाडीत पीठ, अवजारे, बियाणे भरलेले असे. माणसे बहुतेक पायीच चालत. सिनेमात वाटेवर मूळनिवासींचे हल्ले दाखवतात, पण प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त माणसे पटकीने आणि अपघातांनी मेली. १८६९ मध्ये रेल्वेने दोन्ही किनारे जोडले. पश्चिमेकडचा कठीण मार्ग हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून तयार केला. त्याच चिनी मजुरांना देशात येण्यास १८८२ च्या कायद्याने बंदी झाली.

१८६२ चा होमस्टेड कायदा या सगळ्याच्या मुळाशी आहे. पाच वर्षे राहा, घर बांधा, जमीन कसा. थोडक्या शुल्कात १६० एकर तुमचे. कागदावर हा कायदा क्रांतिकारकच होता. पण नांगर, बैल, बियाणे आणि पहिले पीक येईपर्यंतचे धान्य आणायचे कुठून? नुकत्याच मुक्त झालेल्या माणसाकडे यातले काहीच नव्हते.

त्यांना दक्षिणेतच जमीन मिळणार होती. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या आदेशाने काही किनारी भागात कुटुंबामागे ४० एकरपर्यंत जमीन राखून ठेवली गेली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत केली. मग उरली अर्धेलीची शेती. जमीन मालकाची, दुकान मालकाचे, हिशेबाची वहीही मालकाची. हंगाम संपला की कर्ज वाढलेलेच. १८७७ मध्ये दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी असलेले केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि मतदान करू पाहणाऱ्या काळ्या माणसांवरील हिंसेला उरलासुरला धाकही राहिला नाही.

टेनेसीतील बेंजामिन सिंगलटन हे सुतार, पूर्वीचे गुलाम. तिथे जमीन परवडेना म्हणून त्यांनी कॅन्ससला चला असा प्रचार सुरू केला. १८७९ च्या वसंत ऋतूत लुइझियाना, मिसिसिपीतून हजारो लोक नदीकाठी येऊन थांबले. अनेक बोटवाल्यांनी त्यांना घ्यायला नकार दिला, तरी लोक हटले नाहीत. फ्रेडरिक डग्लस यांचा या स्थलांतराला विरोध होता. दक्षिणेतच राहून हक्क मिळवावेत, असे त्यांचे म्हणणे. सोजर्नर ट्रूथ यांनी मात्र निघालेल्यांची बाजू घेतली. गाव सोडायचे की तिथेच लढायचे, हा वाद आपल्यालाही अनोळखी नाही. ज्याच्या दारात रात्री बंदूकधारी येतात त्याला डग्लस यांचा सल्ला कसा वाटला असेल, असा प्रश्न आम्हाला वाचताना पडतो.

कॅन्ससमध्ये १८७७ सालीच निकोडेमस नावाचे गाव वसू लागले होते. केंटकीहून आलेल्यांना गाव दिसेचना. दिसला तो जमिनीतून निघणारा धूर. झाड नसलेल्या त्या माळावर लोक जमिनीत खोदलेल्या घरांत राहत होते. काही जण तिथूनच माघारी फिरले. पहिल्या हिवाळ्यात धान्य संपले तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज मूळनिवासींनी त्यांना अन्न दिले, अशी तिथली आठवण आहे. त्या ओसेजांना काही वर्षांपूर्वीच कॅन्ससमधून हटवून आजच्या ओक्लाहोमात पाठवले होते.

पुढे गावात शाळा, चर्च, दुकाने, वर्तमानपत्रे आली. १८८८ मध्ये रेल्वे गावाला टाळून गेली आणि दुकानदार रुळांच्या मागे गेले. तरी गाव पुरते उठले नाही. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. आज तिथे मोजकीच माणसे राहतात, पण दर जुलैअखेर देशभर पांगलेले वंशज गावी येतात आणि मुक्तीचा दिवस साजरा करतात.