हरितगृहाच्या छपरासाठी अर्धपारदर्शक सौर घट

सिलिकॉनचे काळेनिळे सौर घट आता अनेक शेतांवर दिसतात. ते अपारदर्शक असल्याने त्यांच्याखाली दाट सावली पडते. म्हणून हरितगृहाच्या सबंध छपरावर ते बसविणे पिकास हितावह नसते. या अडचणीवर उपाय म्हणून अर्धपारदर्शक सेंद्रिय सौर घटांचे संशोधन चालू आहे. येथे ‘सेंद्रिय’ शब्दाचा खताशी संबंध नाही. हे घट कर्बयुक्त रंगद्रव्यांपासून बनतात, एवढाच त्याचा अर्थ होय.

रचना : दोन विद्युदग्रांमध्ये रंगद्रव्यांचा सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका, पातळ थर असतो. प्रकाश पडताच एक द्रव्य इलेक्ट्रॉन देते व दुसरे ते घेते. असा दुपदरी घट सी. डब्ल्यू. टँग यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. नेहमीच्या घटात मागील धातूचा थर जाड असतो व आरशासारखे काम करतो. अर्धपारदर्शक घटात चांदीचा थर सुमारे १० नॅनोमीटरच ठेवतात. त्यामुळे प्रकाश आरपार जातो, पण वीज कमी मिळते.

रंग : जो प्रकाश घट शोषीत नाही, त्याचाच रंग पाहणाऱ्यास दिसतो. हिरवा प्रकाश शोषणारा घट तांबूस-जांभळा दिसतो. २०१९ साली पुढे आलेले ‘वाय-६’ हे द्रव्य सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण शोषते. त्यांपैकी ७०० च्या पुढील किरण डोळ्यास जवळजवळ दिसत नाहीत व पिकाच्या अन्ननिर्मितीसही फारसे लागत नाहीत. अशा किरणांपासून वीज घेतल्यास पिकाचे नुकसान कमी होते.

परीक्षा : माणसाचा डोळा हिरव्या प्रकाशास सर्वांत संवेदनशील असतो, पानातील हरितद्रव्य मात्र मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषते. म्हणून हिरवट छप्पर डोळ्यास उजळ भासले, तरी खालचे पीक उपाशी राहू शकते. लक्समापकही डोळ्याच्या धर्तीवरच मोजतो. यास्तव ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश मोजणारे उपकरण घेऊन, निरभ्र दुपारी एकदा उघड्यावर व लगेच छपराखाली मोजणी करावी आणि दोन्ही आकड्यांची तुलना करावी.

हवा व ओल यांमुळे हे घट खराब होतात. म्हणून कडांचे बंदिस्तीकरण व टिकाऊपणाची हमी पाहिल्याशिवाय खर्च करू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट बागाईतदारांच्या ध्यानी आणून द्यावी.