ग्रंथपाल विद्यार्थी होतो तेव्हा

ग्रंथपाल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? टेबलापलीकडे बसलेला, चष्म्यावरून पाहणारा, कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे दिवे गेले तरी सांगू शकेल असा गृहस्थ. सारे गाव त्याला विचारायला येते. आता अशा माणसाला एके दिवशी कोणी सांगितले, की उद्यापासून आपल्या वाचनालयातील छायाचित्रे इंटरनेटवर चढवायची, त्यांना शब्दांच्या खुणा जोडायच्या आणि अनोळखी माणसांशी लिहून बोलायचे, तर त्याला काय वाटेल? काम वाढले, हे तर वाटेलच. पण त्याहून खोल अशी एक भीती असते. मला हे येत नाही, हे चारचौघांत उघडे पडेल! शिक्षकबंधूंना आणि भगिनींना ही भीती मी वेगळी समजावून सांगायला नको.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचे शहर आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ साली या भीतीवर एक साधा उपाय काढला. त्याच वर्षी कॅनडातील ग्रंथपाल स्टीफन ॲब्रॅम यांनी एका लेखात ग्रंथालयातील माणसांनी करून पाहावीत अशी ४३ कामे सुचवली होती. तो धागा धरून हेलीन ब्लोअर्स या तेथील अधिकारी बाईंनी २३ लहान लहान कामांचा अभ्यासक्रम आखला. ऑगस्टमध्ये आरंभ, मुदत नऊ आठवड्यांची. वर्ग नाही, व्याख्यान नाही, परीक्षा तर नाहीच. प्रत्येकाने आपल्या सवडीने एकेक साधन हाताळायचे आणि काय जमले, काय फसले हे इंटरनेटवरच्या आपल्या रोजनिशीत लिहायचे. ती रोजनिशी टोपणनावाने लिहायलाही मुभा होती. सारी कामे पुरी करणाऱ्याला गाणी ऐकण्याचे एक छोटे यंत्र बक्षीस! मला विचाराल तर बक्षिसापेक्षा टोपणनावाची सवलत अधिक शहाणपणाची. पुढे जगातील शेकडो ग्रंथालयांनी हा अभ्यासक्रम आपापल्या सोयीने उचलला.

ही साधने म्हणजे काय, ते थोडे पाहू. पूर्वीचे इंटरनेट ग्रामपंचायतीच्या फळ्यासारखे होते. एकाने लिहायचे, बाकीच्यांनी वाचायचे. नव्या साधनांनी खडू वाचणाऱ्याच्याही हाती दिला. फ्लिकरवर छायाचित्र ठेवले की कोणीही त्याखाली लिहावे, विकीचे पान कोणीही दुरुस्त करावे, लायब्ररीथिंगवर आपल्या घरच्या पुस्तकांची यादी मांडावी, अशी ही तऱ्हा.

यातली ग्रंथपालाला सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे टॅग, अर्थात शब्दाची खूण. आपण ज्वारीवरचे एक पुस्तक घेऊ. ग्रंथपाल त्याला ठरलेल्या नियमाने वर्गांक देतो, विषयशीर्षक देतो, आणि पुस्तक शेतीच्या कपाटात जाते. खडू हाती आलेला वाचक मात्र त्यावर लिहितो 'शाळू', दुसरा लिहितो 'हुरडा', तिसरी बाई लिहिते 'भाकरी'. तसे पाहिले तर एका पुस्तकाला अनेक बाजू असतात हे आपल्या डॉ. रंगनाथन यांनी १९३३ सालीच आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात मांडले होते. पण त्यांच्या बाजूंना शिस्त होती. येथे कोणी 'शाळू' लिहील, कोणी 'शाळु', आणि यंत्राच्या लेखी ती दोन निरनिराळी पिके! तेव्हा ग्रंथपालाची कुरकुर काही अगदीच खोटी नव्हे.

मग या गोंधळातून हाती काय लागते? याचे उत्तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने प्रत्यक्ष करून दाखवले. जानेवारी २००८ मध्ये तिने सुमारे ३,००० जुनी छायाचित्रे फ्लिकरवर ठेवली. काही १९३०-४० च्या दशकांतील रंगीत, तर काही १९१० च्या सुमारास बेन या वृत्तसंस्थेने काढलेली. बेनच्या चित्रांची अडचण अशी, की काचेवर खरडलेले एखादे आडनाव एवढीच त्यांची ओळख. हा माणूस कोण, गर्दी कसली, याचा पत्ता नाही. आणि त्या विभागात चित्रे इतकी, की एकेका चित्रामागे बसून शोध घ्यायला माणसे कोठून आणणार? आता ग्रंथालयानेच जगाला विचारले, की बाबांनो, तुम्हांला काही ठाऊक आहे काय?

लोकांनी जुनी वृत्तपत्रे धुंडाळली, तारखा लावल्या, इमारती ओळखल्या. २००८ च्या ऑक्टोबरअखेरीस हिशेब मांडला तेव्हा तोपर्यंत ठेवलेल्या ४,६१५ चित्रांवर ६७,१७६ खुणा आणि ७,१६६ अभिप्राय जमले होते. अशोभनीय म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर किती असेल? २५ ठिकाणांहूनही कमी. पण मला महत्त्वाचा वाटतो तो निराळाच आकडा. लोकांनी दिलेली माहिती कर्मचाऱ्यांनी तपासली आणि ५०० हून अधिक चित्रांच्या मूळ नोंदी सुधारल्या. माहिती कोठून मिळाली तेही नोंदीत लिहिले. म्हणजे गावगप्पा ऐकल्या सर्वांच्या; नोंदवहीत चढले ते मात्र पारखून घेतलेलेच.

हे पारखणे आणि उतरवून घेणे राहिले तर काय होते, तेही सांगतो. शार्लटच्या मंडळींनी जी साधने शिकली त्यांतील कित्येक आज उरली नाहीत. दुवे साठवणारे डेलिशस २०१७ पासून नवी नोंद घेईनासे झाले. फ्लिकर चालू आहे, पण २०१८ मध्ये त्याचे मालक बदलले. आपल्याकडे व्हॉट्सॲपच्या गटात सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुपारी येते आणि संध्याकाळपर्यंत शंभर शुभेच्छांखाली गाडले जाते. ते वहीत कोण लिहितो?

आमच्या गावच्या वाचनालयात भिंतीवर शाळेचा एक जुना फोटो आहे. मागे फक्त '१९५८' एवढेच. लहानपणी मी तो रोज पाहत असे. त्यातील सगळी नावे सांगू शकणारे एक आजोबा आमच्याच आळीत राहत. विचारू, विचारू म्हणत राहिलो. एके वर्षी दिवाळीला गावी गेलो तर ते गेलेले. मी एम. ए. झालो, कॉलेजात शिकवू लागलो, आणि एवढे साधे काम माझ्याने झाले नाही.

गेल्या उन्हाळ्यात ग्रंथपालकाकांनी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदाच. पहिला तर काचेवरच्या उजेडाने पांढराफटक आला! मग चौकट उतरवून, फोटो सावलीत धरून पुन्हा काढला. पुढचे मात्र त्यांनी पक्क्या ग्रंथपालाच्या हिशेबाने केले. डोकी मोजून प्रत्येकाला क्रमांक दिला. चित्र गावच्या गटात टाकले आणि बाहेरगावी गेलेल्यांना कळवले, की घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवून क्रमांकासह नाव लिहा. येणारे प्रत्येक नाव त्यांनी दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर सांगणाऱ्याच्या नावासह उतरवले, दोघांनी सांगितले तरच शाईने, एरवी पेन्सिलीने. फोटो गटाबाहेर साऱ्या जगासाठी ठेवायचा झाल्यास तो कोणाचा, त्यातील माणसांची हरकत नाही ना, हे आधी विचारायचे असेही ठरले.

फोटोत एकतीस डोकी आहेत. एकोणीस शाईने झाली, सात पेन्सिलीने. मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा, टोपी हातात धरलेला मुलगा, कोणालाच ओळखू येत नाही. एक आजी म्हणाल्या, तो आमच्या गावचा नव्हेच, धरणात गेलेल्या कुठल्याशा गावचा असावा. काकांनी तेवढेच पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.