एकाच किमतीच्या दोन मोटारी

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अध्यात्म यांवर बोलणारे पुष्कळ येतात. मोटार कोणती घ्यावी, या विषयावर बोलायला उभे राहताना आम्हांला थोडा संकोच वाटला, हे कबूल केले पाहिजे. परंतु घर बांधणे आणि मुलांची लग्ने यांच्या खालोखाल मध्यम स्थितीतला गृहस्थ आयुष्यात जो मोठा खर्च करतो, तो हल्ली मोटारीचाच असतो. आणि तो बहुधा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, रंगावरून, नाही तर पुढच्या फळीवरच्या मोठ्या पडद्याला भुलून केला जातो. तेव्हा विषय अगदीच अस्थानी होणार नाही, अशी आमची समजूत आहे.

आमचे एक स्नेही अकोल्यात राहतात. शाळेतून निवृत्त झाले आहेत. मुलगा रोज नोकरीसाठी संगमनेरला जातो. शेती आणि म्हातारी आई राजूरच्या पलीकडे, रतनवाडीच्या बाजूला. पत्नी, सून आणि दोन नातवंडे धरून सगळी मिळून माणसे सात. निवृत्तीच्या रकमेतून थोडे, थोडे कर्जाऊ, असा दहा-अकरा लाखांचा मेळ घालून त्यांनी दोन गाड्या मनात धरल्या : महिंद्राची बोलेरो आणि टाटांची डिझेलवरची नेक्सॉन. किमतीत फरक असा फारसा नाही. दोहोंनाही दुकानदार एसयूव्हीच म्हणतो. मग कोणती घ्यावी, असा प्रश्न घेऊन ते आमच्याकडे आले. एकीचे माहेर नाशिक, दुसरीचे पुण्याकडचे रांजणगाव. आपले अकोले दोघींच्या मधोमध. म्हणजे भूगोलानेही या वादात निकाल द्यायचे नाकारले.

आम्ही दोन्ही गाड्यांची पत्रके समोर ठेवली, तेव्हा एक गमतीची गोष्ट दिसली. दोघींची लांबी अगदी सारखी : ३९९५ मिलिमीटर. हा योगायोग नव्हे, करामुळे आलेला हिशेब आहे. चार मीटरच्या आतली गाडी, आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंतचे, अशी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. त्यापुढे गेली की ४० टक्के. म्हणून कारखानदार कापड बेतणाऱ्या शिंप्याप्रमाणे गाडी या मापात बसवतात. बोलेरोचे इंजिन १४९३ घनसेंटिमीटरचे, नेक्सॉनचे डिझेल इंजिन १४९७ चे. किंमत सारखी दिसते त्याला हे कारण आहे. पण सारख्या मापाच्या कापडातून धोतरही निघते आणि सदराही निघतो.

एसयूव्ही या नावाखाली आज दोन निरनिराळ्या जातींची वाहने विकली जातात, आणि गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही. पहिली जात शिडीची. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना आडव्या पट्ट्या. आडवी ठेवलेली शिडीच ती. इंजिन, चाके, पाटे सारे त्या शिडीला बांधायचे आणि माणसे बसण्याचा सांगाडा वरून ठेवून बोल्ट आवळायचे. बैलगाडीत आसावर साटा ठेवतात तसेच. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपगाडीची बांधणी हीच. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीस जीपची जोडणी सुरू केली, आणि २००० साली आलेली बोलेरो त्याच वंशातली. दुसरी जात पेटीची. तिच्यात वेगळी शिडी नसते. तळ, खांब, छप्पर हे पत्रे एकमेकांना सांधून जी पेटी होते, तीच सगळा भार वाहते. २०१७ साली आलेली नेक्सॉन या जातीची. दिसायला उंच असली, तरी ती बांधणीने मोटारकार आहे.

एवढा एक फरक लक्षात आला की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडत जातात.

शिडीची गाडी ओझ्याला घाबरत नाही. बोलेरोच्या मागच्या बाजूला पोलादी पाटे आहेत, ट्रकला असतात त्या जातीचे. खताच्या गोण्या टाका, ती फारशी खचत नाही. मात्र रिकामी असली की तेच पाटे ताठ राहतात आणि मागे बसलेला माणूस प्रत्येक खड्डा मोजत जातो. तिचे टायर उंच. टायरवर २१५/७५ असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर आणि बाजूची भिंत तिच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. नेक्सॉनच्या वरच्या प्रकारांत २१५/६० येतात. भिंत १२९ मिलिमीटर. धारदार दगडावरून जाताना ही बोटभराहून जास्त रबराची जाडी रिमला वाचवते.

जमिनीपासूनच्या उंचीचा प्रकार मात्र उलटा निघाला, आणि आमचे स्नेही चकित झाले. पत्रकाप्रमाणे बोलेरोची उंची १८० मिलिमीटर, नेक्सॉनची २०८. मग रांगडी कोणती? याचे उत्तर असे की, बोलेरोचा सर्वांत खालचा भाग म्हणजे मागच्या आसाच्या मधला तो लोखंडी गोळा, ज्याला डिफरन्शियल म्हणतात. तो आसाबरोबरच असतो. गाडीत कितीही माणसे बसली तरी तो खाली येत नाही. नेक्सॉनचे पोट मात्र पाच माणसे आणि सामान भरल्यावर खाली बसते. रिकाम्या गाडीच्या आकड्यावर विसंबून वाडीची वाट धरू नये.

आता घाट. बोलेरोची मागची चाके ओढतात, नेक्सॉनची पुढची. चढावर गाडीचे वजन मागे सरकते. त्यामुळे भरलेल्या बोलेरोची चाके चिखलातही जमीन धरून राहतात आणि नेक्सॉनची पुढची चाके त्याच जागी फिरू लागण्याचा संभव असतो. पण ताकदीचा हिशेब पाहिला तर नेक्सॉनचे डिझेल इंजिन ११५ अश्वशक्तीच्या घरातले, बोलेरोचे ७५ च्या आसपास. विठ्याच्या घाटात उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकायचे असेल, तर हा फरक दोन-चार सेकंदांचा असतो आणि त्या दोन-चार सेकंदांतच समोरून एस.टी. येते.

येथून पुढचा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे अशी एक पक्की समजूत आहे की, पत्रा जाड तेवढी गाडी सुरक्षित. "धडकली तरी हिला काही होत नाही," असे अभिमानाने सांगितले जाते. गाडीला काही होत नाही हे खरे असेल. प्रश्न आतल्या माणसाचा आहे. ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली आणि तिचे नाक ६० सेंटिमीटर चेपत थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सरासरी २७ पट जोर येतो. तीच गाडी ताठ राहून २० सेंटिमीटरांत थांबली, तर तो जोर ८० पट होतो. साठ किलोच्या माणसाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. गाडीचे नाक मुद्दाम चेपेल असे करावे आणि माणसे बसण्याची जागा मात्र घट्ट ठेवावी, ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याची. १९५९ पासून ती मर्सिडीजच्या गाड्यांत आली. पेटीच्या बांधणीत ही रचना साधणे सोपे जाते. शिडीतही ती साधता येते, नाही असे नाही. पण त्यासाठी शिडी तशी घडवावी लागते, आणि बोलेरोचा आराखडा जुना आहे.

नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले. आपल्या देशात बनलेल्या गाडीला तोवर तेवढे कधी मिळाले नव्हते. २०२४ मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीतही तिला पाच मिळाले. बोलेरो निओ ही बोलेरोच्या नावाची पण वेगळी गाडी. तिला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एकच तारा दिला. नेक्सॉनच्या सर्व प्रकारांत २०२३ पासून सहा एअरबॅगा आहेत, बोलेरोत दोन. उंचीचाही विचार करावा : बोलेरो १८८० मिलिमीटर, नेक्सॉन १६२०. उंच गाडी वळणावर अधिक झुकते, हे घाटातल्या लोकांना सांगायला नको.

आमच्या स्नेह्यांचे मन बोलेरोकडे ओढत होते, ते सात माणसांमुळे. नेक्सॉनमध्ये पाचच बसतात. आम्ही त्यांना विचारले, "मागच्या त्या आडव्या बाकांवर कोण बसणार?" ते म्हणाले, "पोरं बसतील की!" आम्ही गप्प राहिलो. मग त्यांनाच ते उमगले. आडवे तोंड करून बसलेल्या मुलाला पट्टा नीट सावरू शकत नाही, आणि मागून धडक बसली तर पहिला मार तेथेच. घरातली सर्वांत लहान माणसे सर्वांत वाईट जागी, असा तो बेत होता.

डिझेलविषयीही एक शब्द. २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारी चाळणी असते. तिच्यात साचलेली काजळी जाळून टाकण्यास इंजिन काही काळ सलग तापून चालावे लागते. घरापासून बाजारापर्यंतच फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते. बोलेरो डिझेलमध्येच मिळते. नेक्सॉन पेट्रोलवरही मिळते. येथे मुलाची रोजची संगमनेरची ये-जा असल्याने डिझेल योग्यच होते. गावातल्या गावात फिरणाऱ्याला आम्ही पेट्रोलच सांगितले असते.

आम्ही त्यांना सुचवले की, महिनाभर एका वहीत लिहून ठेवा : कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने, किती माणसे. महिन्याअखेर वहीत संगमनेरची डांबरी सडक चोवीस वेळा होती, शेतावरची वाट चार वेळा, आणि सातही माणसे एकत्र एकदाच. त्यांच्याच गावातला दूध गोळा करणारा तरुण रोज पहाटे वाड्या-वस्त्यांवर कॅन घेऊन चढतो. त्याने अशी वही ठेवली असती तर आकडे उलटे आले असते, आणि त्याला आम्ही डोळे मिटून बोलेरो घ्यायला सांगितले असते. त्याने ती घेतलेलीच आहे, आणि योग्य केले आहे.

तरीही शेवटची पारख गाडीत बसूनच व्हायला हवी होती. दुकानदार एकट्यालाच सपाट रस्त्यावर फिरवून आणतो. तसे न करता, आई, सून, नातवंडे, सामान सगळे घेऊन घाट चढून बघा, असे आम्ही सांगितले. दोन्ही गाड्या तशा चालवून झाल्या. आईला बोलेरोत चढताना पायाखाली पाट ठेवावा लागला. नेक्सॉनमध्ये त्या दाराला धरून आपल्या आपण बसल्या. स्नेह्यांनी नेक्सॉन नोंदवली. खताच्या गोण्या तेवढ्या त्या दूधवाल्याच्या बोलेरोतून जातात, आणि त्याचे भाडे ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात.