आखूड नळी, बायपॉड आणि आपली बोटं

नाशिकमध्ये नेमबाजी शिकलेल्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, तेही बायपॉडवर नेम न धरता. बायपॉड म्हणजे रायफलचे पुढचे दोन पाय. ते शक्यतो नळीला लावत नाहीत, नळीखालच्या दांड्याला लावतात. नळीवर भार आला की नेम सरकतो. आखूड नळीत मोठा धोका वेगळाच: पाय उघडताना बोटं नळीच्या तोंडापुढे जातात. म्हणून आधी तोंड टार्गेटकडे, मग मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, सेफ्टी फ्लॅग घाला, मगच स्क्रू. हात कायम तोंडामागे. मी कोड लिहितो, तो मागे घेता येतो. सुटलेली गोळी नाही. हे फक्त रेंजवर, कोचसमोर!