नाव पटावर, मूल वर्गाबाहेर

केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांतील प्रजेला भेदभावाविना खुल्या राहतील, असे मुंबई सरकारने १८५८ साली जाहीर केले. त्यानंतर ४२ वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले. दार उघडे होते. इतरांच्या शेजारी बसण्याची मुभा मात्र नव्हती. बसायचे ते घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळेचा नोकर त्याला शिवत नसल्यामुळे ते संध्याकाळी परत घरी न्यावे लागे. पाणी शिपायाने वरून ओतले तरच मिळे. शिपाई नसला की तहानेलेच राहायचे.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका उडाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे होते. ते विटाळू नयेत म्हणून मुलांनी धावत जाऊन आधी ते दूर केले. या दोन प्रसंगांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. साताऱ्यात शाळेची रीतच आडवी आली होती. मुंबईत शिक्षक बोलावीत होते आणि अडथळा वर्गबंधूंचा होता.

पहिल्या प्रकाराला कायद्याने बांध घातला. घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५च्या कायद्याने तिचे पालन शिक्षापात्र ठरविले आणि २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाचा मानसिक छळ करण्यासही मनाई केली. दुसरा प्रकार मात्र कायद्याच्या चिमटीत सहसा सापडत नाही. कारण तेथे कोणी हुकूम काढीत नाही. फक्त कोणी शेजारी बसत नाही.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावाचा विचार करावा. अमुक एका शाळेकडे बोट दाखविण्याचे येथे कारण नाही. वाडीवरची, तांड्यावरची लहान शाळा संपवून मूल मोठ्या गावच्या शाळेत येते, तेव्हा त्याचे वय दहा-बारा वर्षांचे असते. याच वयात आईबापांच्या शब्दापेक्षा सोबत्यांचा शब्द मोठा वाटू लागतो. त्याच्या बोलीची नक्कल होते, आडनावावरून जात काढली जाते, बापाच्या धंद्यावरून टोपणनाव पडते. कबड्डीच्या संघात त्याला शेवटी घेतात किंवा घेतच नाहीत. हे घरी सांगावे, तर बाप मजुरीवर गेलेला. गुरुजींना सांगावे, तर ‘चुगलखोर’ हे आणखी एक नाव चिकटते. मग पोट दुखू लागते, गैरहजेरी वाढते आणि एके दिवशी मूल येईनासे होते. दप्तरी कारण लिहिले जाते: ‘शिक्षणात रस नाही’.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब उफराटा आहे. पाठ्यपुस्तके, गणवेश, पोषण आहार, शिक्षकांचे वेतन यांवरील खर्चाची पै न् पै नोंदली जाते. परंतु मुलाला वर्गात बसवत नाही असे वाटू लागले, की तो सारा खर्च पालथ्या घड्यावर पाणी ठरतो. पुढे आयुष्यभर बुडणारी कमाई तर कोणत्याच रकान्यात येत नाही. पटसंख्या मोजणाऱ्या व्यवस्थेने एकटे बसणारे मूल मोजण्याची सोयच केलेली नाही.

उपाय खर्चिक नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा आदेश दिला. वेगळी सोय चांगली असली, तरी ती वेगळेपण टिकविते, हे त्यांनी ओळखले होते. तोच न्याय वर्गाच्या चार भिंतींत लावता येतो. बसण्याच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात, खेळाचे संघ गुरुजींनी पाडावेत, दुपारच्या आहाराची पंगत एकच असावी आणि गुरुजींनी तीत मुलांबरोबर बसावे. टोपणनाव कानी पडताच तेथल्या तेथे थांबवावे. कारण मुलांचे बोलणे चेष्टा असते. गुरुजींनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले, की त्या चेष्टेचा नियम होतो.

एल्फिन्स्टनमधील शिक्षकांनी त्या मुलाला फळ्यापाशी बोलावले, हे योग्यच झाले. पण नुसते बोलावणे पुरत नाही; डबे हलविणाऱ्या हातांनाही कोणीतरी थांबवावे लागते. शाळेचे दार कायदा उघडतो. वर्गातील जागा मात्र शिक्षकच देऊ शकतो.