अनुदान चार वर्षांचे, प्रश्न पाचवीचा

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले की गोव्यात दोन विषय हमखास डोके वर काढतात. पटसंख्या घटल्यामुळे अमुक सरकारी मराठी शाळा शेजारच्या शाळेत विलीन होणार, हा एक. आणि इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना सरकारने अनुदान द्यावे की नाही, हा दुसरा. पहिल्याचे कारण दुसऱ्यात आहे, असे बहुतेक वेळा गृहीत धरले जाते. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी अनुदानाचा हा वाद मुळापासून समजून घ्यायला हवा.

अनुदान म्हणजे नेमके काय?

खासगी संस्थेने चालवलेल्या शाळेतील मंजूर पदांवरील शिक्षक व कर्मचारी यांचे वेतन सरकार देते, शिवाय देखभालीसाठी काही रक्कम देते. हेच अनुदान. वेतनाचा भार उचलला गेल्यामुळे शाळेला पालकांकडून मोठे शुल्क घ्यावे लागत नाही. सरकारी शाळेचा खर्च तर संपूर्णपणे सरकारचाच असतो. म्हणजेच अनुदान बंद झाले तर शाळा बंद होतेच असे नाही. पण ती महाग होते आणि सामान्य घरातील मुलाच्या आवाक्याबाहेर जाते. या वादात भाषेइतकाच पैशाचा प्रश्न गुंतलेला आहे तो असा.

1990 ते 2012

मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांतील बहुसंख्य मराठी माध्यमाच्या होत्या. खासगी शाळांच्या बाबतीत निर्णायक वळण आले ते 1990 मध्ये. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक स्तरावरील अनुदान प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या शाळांपुरतेच ठेवण्याचे धोरण ठरले. त्याचा परिणाम तत्काळ दिसला. चर्चच्या व्यवस्थापनाखालील शंभराहून अधिक प्राथमिक शाळांनी इंग्रजी सोडून देवनागरी कोकणी हे माध्यम स्वीकारले.

ही घडी सुमारे वीस वर्षे टिकली. पालकांच्या एका गटाने माध्यम निवडण्याच्या हक्काची मागणी लावून धरल्यावर 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाचे नेतृत्व पुन्हा शशिकला काकोडकर यांच्याकडे आले. राजभाषेच्या वादात परस्परविरोधी राहिलेले मराठीवादी आणि कोकणीवादी या वेळी एका व्यासपीठावर आले, ही त्या आंदोलनाची विशेष गोष्ट. 2012 मध्ये सत्तेवर आलेल्या मनोहर पर्रीकर सरकारने मधला मार्ग काढला: अल्पसंख्याक संस्थांच्या ज्या शाळांना इंग्रजी माध्यमासाठी अनुदान मिळू लागले होते, त्यांचे ते चालू ठेवायचे, नव्या इंग्रजी शाळांना मात्र द्यायचे नाही.

या तोडग्याने दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही, हे स्वाभाविक होते. निकष भाषेचा असेल तर काही शाळांना अपवाद का, आणि निकष पालकाच्या निवडीचा असेल तर तो काही शाळांपुरताच का, या दोन्ही प्रश्नांना त्यात उत्तर नव्हते. 2016 मध्ये सुभाष वेलिंगकर यांच्या पुढाकाराने याच मुद्द्यावर स्वतंत्र पक्ष निघाला. 2017 च्या विधानसभा निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचे 350 अ हे कलम भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास राज्यांना सांगते. शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे, असे म्हणतो. 2014 मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सरकार मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादू शकत नाही, असा निर्णय दिला. अनुदान मिळणे हा मात्र संस्थेचा मूलभूत हक्क नव्हे, असे याच न्यायालयाने 2021 मध्ये एका उत्तर प्रदेशातील प्रकरणात स्पष्ट केले. त्याचवेळी कलम 30 नुसार, शाळा अल्पसंख्याकांची आहे एवढ्याच कारणावरून अनुदानात भेदभाव करता येत नाही. सारांश असा, की सक्तीचा मार्ग बंद आहे आणि प्रोत्साहनाचा खुला आहे. अनुदान हे प्रोत्साहनाचेच साधन. प्रश्न ते कशावर खर्च करायचे, हा आहे.

पालक काय पाहतो?

गोव्यात प्राथमिक शिक्षण पहिली ते चौथी असे चार वर्षांचे. पाचवीपासून बहुसंख्य विद्यालयांचे माध्यम इंग्रजी, आणि त्यांतील बहुतेक विद्यालये सरकारी अनुदानावरच चालतात. ज्या सरकारने पहिल्या चार इयत्तांत इंग्रजीला पैसा द्यावा की नाही यावर तीन दशके वाद अनुभवला, तेच सरकार पाचवीपासून इंग्रजीचा खर्च कोणत्याही वादाविना उचलते. मग पालकाचा हिशेब सरळ असतो: पाचवीत इंग्रजीच असेल, तर पहिलीपासून का नको? या हिशेबाला मातृप्रेमाचा अभाव म्हणणे सोपे आहे. पण त्याला उत्तर देणे अधिक उपयोगाचे.

दुसरी गोष्ट वयाची. खासगी शाळेत मूल तिसऱ्या वर्षी शिशुवर्गात जाते आणि तेथेच रुळते. सरकारी प्राथमिक शाळेचे दार परंपरेने पहिलीला उघडते. तोवर मूल दुसरीकडचे झालेले असते. अनुदानित शाळांना सरकारी अर्थसाहाय्याने मिळालेल्या बालरथ बसगाड्या वाड्यावाड्यावर जातात, त्यामुळे अंतराची अडचणही उरत नाही. तिसरी गोष्ट शिक्षकांची. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेलाही किमान दोन शिक्षक हवेत, असे शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट सांगते. चार इयत्ता एकाच शिक्षकाने सांभाळायच्या, शिवाय सरकारी कागदपत्रेही पुरी करायची, अशी शाळा पाहिल्यावर पालक पाठ फिरवतो आणि पट आणखी घटतो. घटलेला पट पुढे विलीनीकरणाचे कारण ठरतो.

मग काय करावे?

2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरची वा स्थानिक भाषा माध्यम असावी, असे सुचवते. तिसऱ्या ते आठव्या वर्षापर्यंतचा काळ ते एक सलग पायाभूत टप्पा मानते. या दोन सूचना गोव्याच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवतात. सरकारी मराठी व कोकणी शाळांना जोडून शिशुवर्ग, प्रत्येक शाळेत किमान दोन शिक्षक, पहिलीपासून विषय म्हणून उत्तम इंग्रजी, आणि पाचवीत माध्यम बदलताना मुलाला सावरणारी आधाराची व्यवस्था, या चार गोष्टींना न्यायालयाची आडकाठी नाही आणि कोणत्याही समाजाचा विरोध होण्याचे कारण नाही. त्यासाठी लागते ती केवळ अंदाजपत्रकातील तरतूद.

इंग्रजी शाळांचे अनुदान उद्या थांबले, तरी वाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत दुसरा शिक्षक त्यामुळे येणार नाही. अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा मराठीच्या कैवाऱ्यांनी आधी विचारायचा प्रश्न तो आहे: आमच्या शाळेत दुसरा शिक्षक कधी येणार?