घसा बरा दिसतो, पण लाळ गिळवत नाही

रुग्ण सांगतो, घसा इतका दुखतोय की स्वतःची लाळही गिळवत नाही. टॉर्च मारून पाहावं तर घसा जवळजवळ नेहमीसारखाच. ‘घसा ठीक दिसतोय, म्हणजे साधं दुखणं’ हा समज इथे जीव घेऊ शकतो. सुजलेलं असतं ते एपिग्लॉटिस, म्हणजे जिभेच्या मुळामागचं, गिळताना श्वासमार्ग झाकणारं पानासारखं झाकण. तोंड उघडून ते सहसा दिसतच नाही. (समोर लोंबते ती पडजीभ, ती वेगळी.) दुखणं प्रचंड आणि घसा स्वच्छ, ही विसंगतीच धोक्याची खूण मानावी. सोबत ताप, ओघळणारी लाळ, तोंडात कढत घास धरून बोलल्यासारखा आवाज, हात टेकून पुढे झुकून बसणं यांपैकी काहीही असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही लगेच बोलवावं.

‘हा लहान मुलांचा आजार’ हे पूर्वी खरं होतं. त्यामागे बहुधा हिब हा जीवाणू असे. त्यावरची लस पेंटाव्हॅलंटमधून भारताच्या सरकारी लसीकरणात डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून आली; बाळाला ती ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. लस जिथे रुजली तिथे आता रुग्ण बहुतेक प्रौढ असतात. मधुमेह्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावं.

‘ऑक्सिजन ९८ आहे, म्हणजे वेळ आहे.’ नाही. श्वासमार्ग अरुंद होत असतानाही हा आकडा चांगला राहतो, आणि श्वास घेतानाचा कर्कश आवाज ऐकू येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

‘आधी एक्स-रे काढून आणू.’ मानेच्या बाजूच्या एक्स-रेत सुजलेलं झाकण अंगठ्यासारखं दिसतं खरं, पण एक्स-रे नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही. त्यासाठी अशा रुग्णाला आडवं करणं किंवा एकट्याला एक्स-रे विभागात पाठवणं मला अक्षम्य वाटतं. प्रौढाला बसवूनच, श्वासासाठी नळी घालण्याची तयारी शेजारी ठेवून, नाकातून लवचिक दुर्बीण घालून पाहतात. मुलाला मात्र आईच्या मांडीवरून उचलू नये. जीभ दाबू नये, सुई टोचू नये. रडण्यानेही श्वास अडू शकतो. त्याची तपासणी ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊनच.

‘अँटिबायोटिक सुरू केलं, आता काळजी नाही.’ आधी श्वासमार्ग, मग औषध. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या दुखण्याने गेले, ते बहुधा याच आजाराने असं अनेक डॉक्टर मानतात. उपचार म्हणून त्यांचं चार वेळा रक्त काढलं गेलं. श्वासनलिकेला छेद देण्याची एलिशा डिक या तरुण डॉक्टरची सूचना मात्र नाकारली गेली. आज सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखं औषध शिरेतून देतात. स्टिरॉइडही अनेकदा देतात, पण ते नळीची जागा घेऊ शकत नाही. प्रत्येक प्रौढाला नळी लागत नाही; अतिदक्षता विभागातली नजर मात्र लागतेच. घातलेली नळी बहुधा दोन-तीन दिवसांत निघते, दुर्बिणीतून सूज ओसरल्याची खात्री करून.